आत्याचं नाव न घेता

दुबईला जाऊन बुर्ज खलिफा न बघता परत आलेली मी मिरजेतली बहुधा पहिलीच बाई. आमच्या कॉलनीतल्या बायकांना हे पटतच नाही. "अहो शैलाताई, मग आठवडाभर तिथे केलंत तरी काय?" लेखकांच्या उत्सवाला गेले होते म्हटलं, की चेहरा पाडून भाजीवाल्याकडे वळतात. वळू देत. त्या आठवड्यात मी जितकी हादरले, तितकी सगळ्या नोकरीत हादरले नव्हते. आणि मी इंग्रजीची शिक्षिका, दहावीच्या पोरांचे निबंध तपासून निवृत्त झालेली बाई आहे, हे लक्षात घ्या.

मी गेले ती नोरासाठी. नोरा ही ऑस्ट्रेलियातली लेखिका, तिथल्या आदिवासी समाजातली. तिला लहानाची मोठी केली तिच्या आत्याने, आणि त्या आत्यावर तिने एक पुस्तक लिहिलं. निवृत्तीनंतर मी ते मराठीत आणलं. दोन वर्षं मेलवर तिला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. हे झाड कसलं, ही भाकर राखेत भाजतात म्हणजे नेमकी कशी, आत्या इथे हसली ती रागाने की खरंच? ती प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायची. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. दुबईच्या उत्सवाला ऑस्ट्रेलियन लेखकांना बोलावलंय आणि त्यात तीही आहे, असं तिने कळवलं, तेव्हा मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

आत्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. पुस्तकात ते पानोपानी आहे, पण इथे नाही. का, ते पुढे येईलच.

अल कुसैस

माझी धाकटी बहीण माधू अल कुसैसला राहते. शारजाच्या हद्दीला टेकलेली ही वस्ती. तिचे यजमान श्रीकांतराव मूळचे संगमेश्वरकडचे. बांधकामाच्या कॅम्पमध्ये आचारी म्हणून आले, आता स्वतःचं डब्यांचं किचन चालवतात. विमानतळावर मला घ्यायला आले ते डब्यांची व्हॅन घेऊनच. मिरजेहून इतक्या लांब आले आणि पहिला वास आला तो लसणाच्या फोडणीचा. मला तर गहिवरूनच आलं.

"ताई, दमलात का? टेन्शन घेऊ नका, इन्शाल्ला दहा मिनिटांत घरी," म्हणाले. ट्रॅफिकमध्ये चांगला तास गेला. दोन्ही बाजूंना दिवेच दिवे, आणि अधेमधे अंधाराचा एक मोकळा तुकडा, म्हणजे वाळवंट. आमच्याकडे मोकळी जागा दिसली की निदान एक म्हैस तरी असते. इथे काही म्हणजे काही नाही.

दुसऱ्या दिवशी माधूबरोबर बाजारात गेले. कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ऐकला, मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला आणि "अगं बाई!" असं इतक्या मोठ्याने ओरडले, की माधूने माझा दंड धरून मला बाहेर काढलं. "ताई, इथे गुणाकार करायचा नाही. उपाशी मरशील." तिची लेक ईरा चौदा वर्षांची. तिच्याशी मी मराठीत बोलायचे आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "ईरा, जेवलीस का गं?" "ऑलरेडी डन, मावशी." आमचं छान चाललं होतं.

त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर श्रीकांतरावांच्या आईचा फोटो आहे. चंदनाचा हार, खाली छोटा लाल दिवा. रोज सकाळी कामावर निघताना ते तिथे उदबत्ती लावतात आणि "येतो गं आई" म्हणतात. पायांत बूट, हातात व्हॅनची किल्ली, तरी थांबतातच. माधूने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, आई गेली तेव्हा यांचा व्हिसा अडकला होता. गावी जाता आलं नाही. बिल्डिंगमधली मराठी मंडळी आली, फोटोला हार घातला, सगळ्यांनी नमस्कार केला, आणि संध्याकाळी हे पुन्हा कामावर. "रडले नाहीत गं ताई. तेव्हाही नाही, नंतरही नाही. मला भीती वाटते कधी कधी."

रात्री जेवताना मी नोराबद्दल सांगितलं. तिची आत्या महिन्याभरापूर्वीच गेली होती. नोराचा दोन ओळींचा मेल आला तेव्हा मला वाटलं, आता कसली ही येते. पण आत्यानेच जाण्याआधी तिला बजावलं होतं, की काही झालं तरी जा. हे ऐकताना श्रीकांतरावांचा हात ताटातच थांबला.

"त्यांचा फोटो आहे का?"

"आहे ना. पुस्तकात, शेवटच्या पानावर."

"बरं," एवढंच म्हणाले आणि भाताकडे वळले. मराठी मंडळाचे ते कार्यवाह. नोराच्या मराठी पुस्तकाचं प्रकाशन मंडळात करायचं, हे आधीच ठरलं होतं आणि नोराने आनंदाने हो म्हटलं होतं. मी माझ्या बॅगेत साड्या कमी आणि पुस्तकं जास्त घेऊन आले होते. मिरजेला वजनकाट्यावर बॅग ठेवून ठेवून शेजाऱ्यांचा काटा बिघडवला.

उत्सवात

आपल्याकडे साहित्याचा कार्यक्रम म्हणजे काय असतो, मला ठाऊक आहे. स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, दीपप्रज्वलन, त्यात काडी विझते, मग दुसरी काडी. अध्यक्षांचं भाषण येईपर्यंत निम्मं सभागृह चहाला गेलेलं असतं. इथे एक मुलगी स्टेजवर आली, "चला, सुरू करू या" म्हणाली, आणि झालं की हो सुरू! हार नाही, नारळ नाही. मी माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या अरब बाईंकडे पाहिलं. काळ्या पायघोळ अबायातल्या त्या बाई पुस्तकात खुणेच्या चिठ्ठ्या घालून तयार बसल्या होत्या. सगळं सभागृह बायकांनी आणि शाळेच्या मुलांनी भरलेलं. दुबईत लोक सोनं घेतात एवढंच मी ऐकलं होतं. इथे मुलं पुस्तकांच्या पिशव्या दोन्ही हातांनी उचलत होती.

स्टेजवर तीन ऑस्ट्रेलियन लेखक. एक तरुण कवयित्री होती. दुसरा ग्रेग नावाचा उंच गृहस्थ, खुनाच्या कादंबऱ्या लिहिणारा. हा माणूस अर्ध्या चड्डीत आणि सपातांत स्टेजवर! पाय लांब सोडून बसलेला! आमच्या मुख्याध्यापकांनी पाहिलं असतं तर त्यांना पाणी द्यावं लागलं असतं. त्याने हसत हसत सांगितलं, की मागच्या कादंबरीची अख्खी वही त्याने समुद्रात फेकून दिली, कारण ती वाईट होती. लोक हसले. आपल्याकडे वाईट कादंबरी कोणी फेकत नाही, छापतात.

आणि तिसरी नोरा. फोटोतल्यापेक्षा वयस्क, आखूड पांढरे केस, रुंद खांदे. ती बोलायच्या आधी उभी राहिली. म्हणाली, आमच्याकडे कोणाच्या जमिनीवर उभं राहून बोलायचं, तर आधी त्या जमिनीच्या माणसांची आठवण काढतात. मग तिने या किनाऱ्यावर मोती काढायला बुड्या मारणाऱ्यांची, वाळवंटात पाणी शोधणाऱ्यांची, त्यांच्या म्हाताऱ्यांची आठवण काढली. पहिल्या रांगेतल्या एका वृद्ध अरबाने छातीवर हात ठेवला आणि शेवटपर्यंत तो काढला नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी पुढे गेले आणि नाव सांगितलं. नोराने मला उचललंच जवळजवळ. "तूच ती! तुझ्या प्रश्नांनी माझी झोप उडवलीस, बाई!" मला माझ्या सख्ख्या भावानेसुद्धा कधी अशी मिठी मारलेली नाही. मी साडी सावरत कशीबशी हसले.

आम्ही हिरवळीवर बसलो. मी शेंगदाण्याची चटणी नेली होती. ग्रेगने ती पावावर जॅमसारखी थापली, मोठा घास घेतला, आणि पुढचा बराच वेळ त्या खुनांच्या लेखकाच्या तोंडातून शब्द फुटला नाही. नोरा मात्र चिमूट चिमूट खात होती आणि आत्याबद्दल सांगत होती. शेवटचे दिवस, नदीकाठी नेलं ते, जाण्याआधी काय म्हणाली ते. "घरी सगळे अजून दुखवट्याला एकत्र बसलेत," ती म्हणाली. "मी एकटीच उठून इथे आले. काहींना ते आवडलेलं नाही."

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ती एकदाही आत्याचं नाव घेत नव्हती. 'म्हातारी' म्हणायची, 'ती' म्हणायची. मला वाटलं, नाव घेतलं की घसा दाटत असेल बिचारीचा. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वतःच्या समजूतदारपणावर खूशही झाले.

हॉल

प्रकाशनाचा कार्यक्रम अल कुसैसमधल्याच एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये होता. मी नोराला टॅक्सीने घेऊन आले. जिन्यापासूनच पुरणपोळीचा वास. दारात दोन बायका नऊवारी नेसून औक्षणाचं ताट घेऊन उभ्या. नोरा खूश झाली, वाकली, तिला कुंकू लागलं. आतून टाळ्यांचा आवाज आला आणि आम्ही आत गेलो.

समोर स्टेजवर आत्या होती.

केवढी? दाराएवढी. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचा तो छोटा फोटो कोणत्या तरी दुकानातून मोठा करून, सोनेरी चौकटीत घालून, टेबलावर उभा केलेला. मोगऱ्याचा जाडजूड हार. समोर समई, उदबत्त्या, फुलांची रांगोळी. आणि मागच्या बॅनरवर तिचं नाव, आधी कै. लावून, मराठीत आणि इंग्रजीत. श्रीकांतराव माइकवर होते आणि भरल्या आवाजात तेच नाव घेत होते. एकदा, दोनदा, पुन्हा. "आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून..." सगळे उभे राहिले. पुढच्या रांगेत निदान वीसेक मोबाईल वर झाले.

मला, अगदी खरं सांगते, पहिल्या क्षणी अभिमान वाटला. केवढं केलंय यांनी, असं वाटलं.

मग माझ्या शेजारून एक आवाज आला. मार लागल्यावर माणसाचा श्वास आत ओढला जातो, तसा. नोराने खाली पाहिलं होतं, डोळे घट्ट मिटले होते आणि तोंडावर हात दाबला होता. ती वळली आणि इतक्या वेगाने बाहेर पडली, की औक्षणाचं ताट धरलेल्या बाईला धक्का लागला. ताट खणकन पडलं. कुंकू सगळीकडे. सुपारी घरंगळत खुर्च्यांखाली गेली. दोन मिनिटांच्या शांततेत तो आवाज केवढा मोठा झाला, ते सांगता येणार नाही.

मी तिच्या मागे जिना उतरले. ती पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये उभी होती. शेजारी शोरमाच्या दुकानाचा पंखा गरम वारा फेकत होता.

"नोरा, काय झालं? त्यांनी तर मान दिला..."

"तिचा चेहरा," ती म्हणाली. "तिचं नाव. शैला, ती आत्ताच गेलीय! तिला जाऊ द्यायचं असतं. नाव घेतलं की ती मागे वळते. माझ्या भावाने घरातला तिचा प्रत्येक फोटो काढून ठेवलाय. तिच्या नावाच्या माझ्या पुतणीला आम्ही आता दुसऱ्या नावाने हाक मारतो. घरातल्या म्हाताऱ्या बायका सांगतील तेव्हाच ते नाव पुन्हा तोंडात येईल. वर्षाने, दोन वर्षांनी. सगळ्या आदिवासींत असंच असतं असं नाही, पण आमच्यात असतं. आणि तुम्ही तिला तिथे उभी केलीय!"

आणि मला हे ठाऊक होतं हो! पुस्तकाच्या अगदी पहिल्या पानावर सूचना आहे, की यात मृत व्यक्तींची नावं आणि छायाचित्रं असू शकतात आणि त्यामुळे आमच्या समाजातल्या वाचकांना यातना होऊ शकतात. ते वाक्य मीच मराठीत केलं होतं. 'दुःख' की 'यातना', यावर दोन दिवस घालवले होते. आणि श्रीकांतरावांनी फोटोचं विचारल्यावर मीच पान सांगितलं होतं.

नोराने माझं मनगट धरलं. "आत किती जण शूटिंग करत होते?"

तेव्हा मला आठवलं. नुसतं शूटिंग नव्हतं. मंडळाच्या फेसबुक पानावर कार्यक्रम थेट चालू होता, श्रीकांतरावांनी स्टँडवर मोबाईल लावला होता.

"माझी भावंडं मला नेटवर शोधत असतील," नोरा म्हणाली. "नोरा काय करतेय म्हणून. त्यांनी हे पाहिलं ना, तर मी तिला विकून खाल्ली असं म्हणतील. मला त्या घरात पुन्हा बसू देणार नाहीत. मला तिच्याबरोबर शेवटपर्यंत बसायचंय, शैला. ते अजून संपलेलं नाही."

मी धावले. साठी उलटलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईने साडीत जितकं धावावं त्याहून जास्त धावले.

हॉलमध्ये सगळे माना वळवून दाराकडे बघत होते. मी सरळ स्टेजवर गेले आणि तो फोटो उचलायला लागले. हलेना. केवढी जड चौकट! सत्काराच्या तबकात नोरासाठी आणलेली शाल होती, ती मी ओढली, उलगडली आणि फोटोवर टाकली. हारासकट. सभागृहातून "अहो!" असा एकच आवाज आला.

"ताई! काय करताय हे?" श्रीकांतराव माइक हातात घेऊनच ओरडले, त्यामुळे ते सगळ्या हॉटेलला ऐकू गेलं.

"आधी ते थेट प्रक्षेपण बंद करा. लगेच. मग सांगते."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता स्टँडवरचा मोबाईल बंद केला. मग मी सांगितलं. पुढच्या रांगेतले मंडळाचे अध्यक्ष, ट्रेडिंगवाले देशमुख, तडक उठून उभे राहिले. "म्हणजे आम्ही काय अपमान केला? श्रद्धांजली वाहतोय आम्ही! एवढा खर्च, एवढी तयारी, आणि पाहुण्या उठून जातात? ही कुठली पद्धत?"

"त्यांची पद्धत आहे, साहेब," मी म्हटलं.

"आणि आपली? आपली पद्धत काय वाईट आहे?"

आपली पद्धत वाईट नव्हतीच. मला रडू यायला लागलं होतं.

श्रीकांतराव पुढे आले. मोठ्याने बोलायची सवय असलेला तो माणूस इतक्या हळू बोलायला लागला, की मागच्या लोकांनी खुर्च्या सरकवल्या. "माझी आई गेली तेव्हा तुम्ही सगळे माझ्या घरी आलात. फोटोला हार घातलात. देशमुखसाहेब, तुम्ही पण. मला गावी जाता आलं नव्हतं. त्या फोटोमुळे मला वाटलं, आई गेली त्याचं काहीतरी झालं. म्हणून या बाईंसाठी केलं. त्या पण घरापासून लांब आहेत म्हणून." ते थांबले. "पण त्यांच्या आत्याला त्रास होत असेल, तर खलास. मोबाईल काढा सगळ्यांनी. फोटो, व्हिडिओ, सगळं डिलीट. ग्रुपवर टाकलं असेल तर तिथूनपण. यल्ला, चला, माझ्यासमोर करा."

आणि लोकांनी काढले हो मोबाईल. एकेक रांग. कुणाला डिलीट करता येईना, मग शेजारचा करून देई. एका आजींनी तर सुरक्षित राहावं म्हणून मोबाईलच बंद करून पर्सच्या तळाशी टाकला. त्यांना पुन्हा चालू करायला लावला. देशमुखसाहेब सगळ्यात शेवटी. "मी अमेरिकेत मुलाला पाठवला होता," म्हणाले. मग मुलाला फोन लावला आणि आमच्यासमोर त्याच्यावर खेकसून तो पुसायला लावला. थेट चाललेलं चित्रण पानावरून काढलं, त्याआधी ते किती जणांनी पाहिलं होतं ते तपासलं. सगळे आमचेच, मराठी. माझा जीव थोडा खाली पडला.

बॅनर उतरवला. फोटो शालीसकट भिंतीकडे तोंड करून ठेवला. आणि मग पुस्तकं. टेबलावर रचलेली माझी सगळी पुस्तकं, प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर तोच फोटो. मी त्या गठ्ठ्याकडे बघत उभी राहिले आणि मला वाटलं, ही आता कुणाच्या हातात जाणार नाहीत.

"ताई, लेबलं आहेत," श्रीकांतराव म्हणाले. "व्हॅनमध्ये. डब्यावर लावतो ती. कोरी."

माझ्या दोन वर्षांच्या कामावर डब्याची लेबलं! मला भयंकर वाईट वाटलं, ते मी लपवणार नाही. पण बायका जमिनीवर गोल करून बसल्या, नऊवारीतल्यासुद्धा, आणि एकेक पुस्तक शेवटून उघडून फोटोवर लेबल चिकटवायला लागल्या, नजर बाजूला ठेवून. कोणी सांगितलं नव्हतं नजर बाजूला ठेवायला.

मी खाली जाऊन नोराला सांगितलं. ती म्हणाली, "नावाचं काय करशील? पानोपानी आहे."

तेव्हा मला माझी आई आठवली. "माझ्या आईने उभ्या जन्मात माझ्या वडिलांचं नाव घेतलं नाही," मी म्हटलं. "रेशनच्या दुकानात नाव विचारलं, की मला पुढे ढकलायची. 'सांग गं शैले.' वडील गेल्यावरही तेच. आम्हाला नाव न घेता बोलता येतं, नोरा. सवय आहे आम्हाला."

त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा हसली, अगदी थोडी. वर आली, शेवटच्या रांगेत भिंतीकडच्या खुर्चीत बसली. मी पुस्तकातलं राखेतल्या भाकरीचं प्रकरण वाचलं. जिथे जिथे नाव येई तिथे 'आत्या' म्हटलं. दोनदा जीभ त्या नावापाशी गेली आणि मी थांबले, सभागृहही थांबलं. वाचून झाल्यावर टाळ्या नाहीत. नोराने पुस्तक हातात घेतलं, शेवटचं पान उघडलं, लेबलावर अंगठा फिरवला आणि ते बंद करून माझ्या हातात दिलं. बस. एवढंच प्रकाशन.

पुन्हा अल कुसैस

नोरा निघायच्या आदल्या दिवशी माधूने तिला जेवायला बोलावलं. येईल असं मला वाटलं नव्हतं. आली. म्हणाली, "घरी बोलले. त्यांना मीच सगळं सांगितलं, आधीच. माझ्या भावाने एवढंच विचारलं, तिच्यावर टाकलेली शाल कुठल्या रंगाची होती." मी सांगितलं, हिरवी. "मीही तेच सांगितलं," ती म्हणाली.

श्रीकांतरावांनी पिठलं, भाकरी आणि ठेचा स्वतः केला होता. पण ते नोराकडे बघत नव्हते, नुसते वाढत होते. ईराने तिला 'येते' म्हणायला शिकवलं. "वी नेव्हर से आय ॲम गोइंग. वी से आय ॲम कमिंग." नोरा ते घोकत होती, "येते, येते," आणि घोकता घोकता तिची नजर सोफ्यावरच्या भिंतीकडे गेली.

मीही तेव्हाच पाहिलं. भिंतीवर एक फिकट चौकोन होता. वर खिळा. आणि खिळ्याला चंदनाचा हार तसाच लोंबत होता. श्रीकांतरावांनी आईचा फोटो काढला होता, हार विसरले होते. खालचा लाल दिवाही विझवला होता. माधूच्या हातातली पळी थांबली. तिलाही ठाऊक नव्हतं.

"हा हार कोणाचा?" नोराने विचारलं.

श्रीकांतराव मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "माय मदर. यू नो प्रॉब्लेम, मॅडम. आय रिमूव्ह. यू ईट."

"कुठे ठेवलंत तिला?"

"कपाट. इन टॉवेल. क्लीन टॉवेल."

नोरा ताटावरून उठली. मला वाटलं, झालं, पुन्हा काही चुकलं. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हळूहळू, त्यांना समजेल असं म्हणाली, "हे तिचं घर आहे. तिला कपाटात नका ठेवू. आणा तिला."

श्रीकांतराव आत गेले. टॉवेलात गुंडाळलेला फोटो छातीशी धरून आले. टॉवेल काढला, खिळ्यावर अडकवला, हार सारखा केला. फोटो मात्र वाकडाच राहिला. नोराने पुढे होऊन तो सरळ केला आणि त्या चेहऱ्याकडे चांगलं डोळे भरून पाहिलं.

"हिचं नाव काय?"

ते माझ्याकडे बघायला लागले, मग माधूकडे. आईला आपण आई म्हणतो. आईचं नाव कोण विचारतं, आणि सांगायची वेळ तरी कधी येते? मग ते म्हणाले, "सुमन."

"सुमन," नोरा म्हणाली. जपून, दोन्ही तुकडे वेगळे करत, पुन्हा म्हणाली, "सु-मन. गुड ईव्हनिंग, सुमन."

आणि श्रीकांतराव रडायला लागले. कसे, ते सांगू? लहान मूल बाजारात हरवल्यावर रडतं तसे, मोठमोठ्याने, तोंड न झाकता. ईरा घाबरून उठली. माधूने तिला धरलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, तिच्याही डोळ्यांतून धारा चाललेल्या. आम्ही कोणी त्यांना गप्प केलं नाही. पिठलं गार झालं.

जाताना नोराने बूट घातले, दारात वळली, आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून त्या भिंतीकडे पाहिलं आणि अगदी चोख मराठीत म्हणाली, "येते, सुमन."

श्रीकांतरावांनी नाक पुसलं आणि आईच्या वतीने उत्तर दिलं, "ये गं बाई. सावकाश ये."